बोरीचा पंच

बोरीला कबड्डीत आमी सोनपेठवाले एका गुणानं हरलो, तवाची गोष्ट. आमच्या गड्याचा दम तुटला म्हणून पंचानं त्याला बाद दिलं होतं. परतीच्या एसटीत समदे पंचाच्या नावानं खडे फोडायलो होतो. आमच्या संघातला बाप्पा तर बाह्या सरसावून म्हणाला, "घावला की सोडतच न्हाई!"

शेजारी मफलरनं तोंड झाकून एक पाहुणा बसला होता. बाप्पानं त्यालाच विचारलं, "पाहुणे, पंच चुकला का न्हाई?"

"चुकला म्हंजे? ठार बहिरा हाय तो!"

बाप्पा लय खूश झाला. त्यानं पाहुण्याला खिडकीची जागा दिली, वर मूठभर शेंगा दिल्या.

पाहुणा मानवतला उतरला. बाप्पानं खिडकीतून विचारलं, "मॅच जवळून बघितली का?"

गाडी हालल्यावर त्यानं मफलर काढला. "लय जवळून! शिट्टी माझ्याच तोंडात होती!"