मॅडमच्या नावाची घागर

…तर मग मला सांगा मंडळी, माणूस आहे का गेला हे ठरवायला विश्वास ठेवायचा कुणावर? मोबाईलवर? त्या मोबाईलनंच तर आमच्या प्रेमराजचा घात केला! प्रेमराज म्हणजे आमच्या धरणगावचा बियाण्याचा व्यापारी, माझ्या शेजारचं दुकान, आणि माणूस असा पक्का की पाकिटावर काय छापलंय ते वाचतसुद्धा नाही, मूठभर बी ओल्या गोणपाटात बांधतो, उगवण बघतो, मग पैसे काढतो. असा माणूस एका फॉरवर्डवर फसला. उगवण न बघता!

झालं काय, त्याची पोरगी पुनम. सात वर्षांची, बोलत नाही, पाय जन्मापासून कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. जळगावला सुलक्षणा मॅडम दर आठवड्याला व्यायाम घ्यायच्या. दुसऱ्या कुणी पायाला हात लावला की पोरगी लाकडासारखी ताठ होऊन किंचाळणार, पण मॅडम तळव्यावर दोन टिचक्या मारायच्या, दार वाजवावं तशा, आणि पुनम पाय सैल सोडून हसायची. मोठ्या डॉक्टरांनी बजावलेलं, की व्यायाम थांबला तर टाचा आखडतील, मग उभं राहणं विसरा. आणि आला की नाही तो कोरोना? सगळं बंद. व्हिडिओवर दाखवा म्हणे पाय! प्रेमराज पाय दाखवतोय, तिकडे डॉक्टर तोंड उघडं ठेवून गोठलेले, हा बिचारा त्या तोंडाला अर्धा तास ‘हो साहेब, हो साहेब’ करतोय…

दुसऱ्या लाटेत मॅडमच आजारी पडल्या, नाशिकला नेलं, फोन बंद, आणि अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली दोनशे जणांचे हात जोडलेले! आता एवढे हात जोडलेले असल्यावर माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर?

आता आपल्या खान्देशात अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं कोरी घागर भरतात, वर खरबूज, सांजोरी, आणि निखाऱ्यावर घास टाकतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. पण त्या वर्षी बाजार बंद, कुंभार घरात, आणि प्रेमराजकडे कोरी घागर एकच, ती त्याच्या वारलेल्या वडिलांसाठी आणलेली, निंबाआबांची. त्याची आई ताईबाई म्हणाली, मॅडम धुळ्याची, एकटी राहणारी, तिच्या मागं कोण भरणार? आणि नव्यानं गेलेल्याचा मान पहिला. प्रेमराज म्हणे, आणि आबा? तर म्हातारी काय म्हणाली असेल?

“तुना बापले मी सांगी दिसू. जित्ता व्हता तवय बी तो मनंच आयके.”

भरली घागर. मॅडमच्या नावानं.

महिन्याभरानं दवाखान्यातून निरोप, मुलीला घेऊन या. प्रेमराजनं पुनमला ओढणीनं छातीशी बांधलं, मोटरसायकलवर जळगाव गाठलं. दारात कपाळावर ती ताप मोजायची बंदूक धरली, आत सोडलं. आत… काय सांगू तुम्हाला! लांबच लांब व्हरांडा, खुर्च्यांवर लाल पट्ट्यांच्या फुल्या, आणि कुणी खोकत नाही. दवाखान्यात खोकला ऐकू येत नाही म्हणजे काय, विचार करा! टोकाच्या खोलीतून एक पांढरं काहीतरी आलं, डोक्यापासून पायापर्यंत किट, चष्म्यावर वाफ, आत डोळे आहेत की नाहीत कळेना. आणि छातीवर मार्करनं लिहिलेलं… सुलक्षणा.

पहिलं काय बघितलं असेल प्रेमराजनं? पाय. उलटे आहेत का! तर पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुढून मागून सारख्याच. आता विश्वास ठेवायचा कुणावर? छातीवरच्या नावावर? ते तर पाकीट झालं! ते पांढरं जवळ आलं, पोरीला घ्यायला हात पुढे केले, याची तर ओढणीची गाठ सुटेना. मागं वळावं तर पोरीच्या टाचा जातात, पुढं द्यावं तर पोरगी कुणाच्या हातात देतोय? तेवढ्यात त्या दुहेरी हातमोजे घातलेल्या हातानं पुनमच्या तळव्यावर टिचक्या मारल्या. दोन.

पुनम हसली. पाय सैल सोडला. उगवण झाली! प्रेमराजनं गाठ सोडली.

पाय ओढता ओढता ते किट घोगऱ्या आवाजात बोलायला लागलं. नाशिकला तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, जीभ सालपटासारखी झालेली, पाणी कुणी देईना. एका दुपारी ओठाला गार पाणी लागलं, पोटभर. नर्सला विचारलं तर ती म्हणे मी नाही दिलं, आज अखाजी, सगळा स्टाफ अर्धा.

“कोरोनात वास जातो म्हणतात, प्रेमराजभाऊ,” मॅडम म्हणाल्या, “मला तर कोऱ्या मातीचा वास आला. आणि खरबुजाचा.”

प्रेमराज ‘असं का’ म्हणाला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. म्हातारी आधी खूश, तिनी पोरले हात लाया, ती आपलीच शे, असं चाललेलं. मग हळूच म्हणते,

“मंग तुना बापनी काय पिदं?”

पाणी मॅडमनी प्यायलं, मग आबा काय प्यायले? आता द्या उत्तर! त्या दिवसापासून, मी डोळ्यांनी बघितलंय हं, ऐकीव नाही, पुनम स्वतःचा पाण्याचा पेला कोपरानं ढकलत ढकलत आबांच्या रिकाम्या खाटेकडे नेते. आणि हसते. दिवाळीच्या सुमाराला तर त्या खाटेशीच उभी राहिली पोरगी, दोन्ही टाचा टेकून, एक हात खाटेच्या कडेला, आणि दुसरा हात असा वर, कुणीतरी धरल्यासारखा. प्रेमराज रडला की घाबरला हे त्यालाही सांगता येत नाही. त्यानं खाट तेवढी हलवली नाही.

पुढच्या अखाजीला त्यानं आबांच्या नावानं दोन घागरी भरल्या, एक चालू सालची, एक मागची बाकी. मॅडमनाही घागरीचं सांगून टाकलं, आणि त्या अजून दर अखाजीला फोन करून विचारतात, “यंदा माझी भरताय की थांबताय?”

तेव्हा हात जोडून एवढंच मागणं आहे, मंडळी. हार घातलेला फोटो दिसला तरी आधी उगवण बघा, आणि घागरींचा हिशोब तेवढा प्रामाणिक ठेवा… कारण तहान लागली की आपली गेलेली माणसं मोठ्यांकडे मागत नाहीत हो, पोरांच्या पेल्यातून पितात.