जाऊबाईंपेक्षा मोठा पॉवर सप्लाय

...तर आजचाही चहा गेला! कप अगदी ओठापर्यंत आला होता हो, वाफ नाकाला लागली आणि ठेवावा लागला खाली. नेम म्हणजे नेम. देवासमोर हात जोडून मीच बोलले ना, वर्षभर कुणाचा हेवा करणार नाही, आणि वाटलाच हेवा तर त्या दिवशी पुढे चहाला शिवणार नाही. म्हटलं, सोपा नेम आहे, आपला स्वभाव गरीब, आपण कशाला कुणावर जळतोय? पण तुम्हाला सांगते, नेम धरताना एक गोष्ट ध्यानातच आली नाही... आमच्या जाऊबाई वरच्याच मजल्यावर राहतात!

चांगल्या आहेत हो. फार चांगल्या आहेत, तोच तर त्रास आहे! आता हा कॉम्प्युटरच घ्या. दोघा भावांनी एकाच दुकानातून सारखे दोन आणले, कंपनीचे, तयार जोडलेले. आमची लेक घरं सजवायचं शिकते. पडद्यावर अख्खं घर उभं करते, सोफा काय, कपाटं काय, आणि मग ते घर गरागरा फिरवून दाखवायचं असतं म्हणे. त्यासाठी तिने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून एक ग्राफिक्स कार्ड आणलं, आत बसवलं. घर उभं राहिलं... फिरायला लागलं... आणि फट्! सगळा काळोख. देवाचं नाव घेऊन मीसुद्धा बटण दाबून बघितलं. पुन्हा फट्!

लेक म्हणाली, "आई, ह्याचा पॉवर सप्लाय लहान आहे. आतल्या सगळ्यांना वीज वाटतो ना, तो डबा."

"म्हणजे गं?"

"म्हणजे चौघांच्या स्वयंपाकावर दहा माणसं जेवायला बसलीत."

हे मात्र मला लगेच कळलं. आणि जाऊबाईंकडे? त्यांच्या मुलाने नोकरीसाठी लांब जाताना आईच्या कॉम्प्युटरला मोठा सप्लाय बसवून दिला, कार्डही दिलं. आणि आई त्यावर करते काय? पत्ते खेळते! एकटीचे पत्ते! गेला माझा चहा!

बरं, तिथवर ठीक होतं. पण मग लेक रोज संध्याकाळी वर जायला लागली. "काकू, बसू का जरा?" "ये गं बाळा, तुझंच आहे." तुझंच? नऊ महिने कुणी वाहिलं हो हिला? मी खाली एकटी भाजी निवडतेय आणि छतातून दोघींचं खिदळणं गळतंय! जेवताना पुन्हा तेच, "काकू ना, किती छान ऐकते!" अगं, मग मी काय भिंत आहे? गेला माझा चहा!

शेवटी ठरवलं, आपणही सप्लाय बदलायचा आणि आपली लेक आपल्या घरी आणायची. हे म्हणाले, "वहिनीला विचार ना, कसा बसवला ते." विचारू? विचारलं म्हणजे हेवा कबूलच केला की! मी शहाणी. फडकं घेऊन वर गेले. "जाऊबाई, तुमचे गुडघे दुखतात, टेबलाखालची धूळ मी पुसते." आणि टेबलाखाली अर्धी आत शिरून, चष्मा सावरत, सप्लायवरचा स्टिकर वाचला. साडेसहाशे वॅट! वरून जाऊबाईंचा आवाज, "किती गं मायाळू तू!" डोकं आपटलं माझं टेबलाला.

मी साडेआठशेचा मागवला. एक पायरी वरचाच! हे म्हणाले, "एवढा कशाला?" म्हटलं, "दहाच्या जागी वीस जेवायला आले तर?"

कॉम्प्युटरवाला आला. झाकण काढलं, आत बघितलं, माझा डबा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "कुणी सांगितलं हा आणायला?"

"का हो, लहान पडतोय?"

"मोठा पडतोय! झाकण बसणार नाही आता. आणि कंपनीचा तयार कॉम्प्युटर हा, ह्यांच्या बोर्डाच्या पिना वेगळ्या. ह्या वायरचं तोंड बघा, आणि तिथली जागा बघा. मधे जोडवायर लागते. माझ्याकडे नाही."

तर लेक मागून म्हणते, "काकूकडे आहे की. दादाने दोन मागवल्या होत्या."

"अगं, मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे? तू तर धूळ पुसत होतीस!"

गेले वर. फडक्याशिवाय. जाऊबाईंनी ऐकून घेतलं, ड्रॉवर उघडला, रुमालात गुंडाळलेली वायर काढली. "तुझीच आहे गं. मुलगा सांगून गेला होता, काकूला दे. मीच ठेवून घेतली." आणि रुमालाच्या घड्या घालत बसल्या. "दिली असती तर पोर वर यायची थांबली असती ना. ह्यांना यायला रात्र होते, संध्याकाळी घर खायला उठतं. तुझा फार हेवा वाटतो बघ... भरलं घर तुझं."

माझा! हेवा! आणि जाऊबाईंना! मी वायर हातात घेतली. डोळे भरून आले हो... आणि लगेच मनात आलं, बघा, ह्यांना नेम नाही, म्हणून ह्यांचा चहा चालू! गेला माझा चहा!

असो. बसला सप्लाय. झाकण लागत नाही, आतडी बाहेर काढून बसल्यासारखा दिसतो, पण घर फिरतं, झकास फिरतं! लेक संध्याकाळची घरी असते. म्हणजे कशी? कानाला हेडफोन, दार बंद. "आई, काम चाललंय, दार लाव ना." लावते.

मग करायचं काय? मीच जायला लागले वर. छान गप्पा होतात हो आमच्या, जाऊबाई खरंच छान ऐकतात! आज तर दिवसभर मनात कुणाविषयी काही आलं नव्हतं. त्यांनी आलं घालून चहा केला, मी देवाचं नाव घेऊन कप उचलला... आणि त्यांचा फोन वाजला. पडद्यावर मुलगा. "आई, जेवलीस का? गोळी घेतलीस? आज काय केलंस, सांग सगळं!"

मी हळूच विचारलं, "रोज करतो?"

"रोज गं. ह्याच वेळेला."

माझी लेक एका जिन्याच्या अंतरावर... बंद दाराआड.

ठेवला कप खाली.