रोजचं भूमिपूजन

मला वाटलं होतं, झाडांसाठी छोटंसं अनुदान मिळालं की केळझरजवळचं आमचं गाव नाल्याकाठी खड्डे खणायला धावेल. तसे जमले सगळेच. नारळ फुटला, सरपंचांनी कुदळ टेकवली, फोटो निघाला, चहा झाला आणि नाल्याकाठी मी एकटीच उरले. घरी अंगणात जांभळाची रोपं सुकत होती.

शेजारच्या गुलाबकाकांना गाठलं. "काका, काम कधी सुरू करायचं?"

"झालं नं पोरी. भूमिपूजन झालं नं."

"पण खड्डे?"

"आता खड्डे काऊन? भूमिपूजनानंतर कोणी खोदताना पाह्यलं काय तू आजवर?"

काका चेष्टा करतात की खरंच विचारतात, तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं. रोज भूमिपूजन करायचं, रोज नवा प्रमुख पाहुणा, आणि खड्डा गुडघाभर झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही.