आतडं फुटलं तेव्हाचा टाय

इस्त्री केलेला निळा टाय. फुटलेलं आतडं. पिसाची टोपी. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सर्जरी क्लिनिकमध्ये बसलेल्या व्हर्लीनला हे सगळं मागच्या बाकावरच्या एकाच भांडणात ऐकू आलं. म्हातारे नवरा-बायको होते, तिच्यासारखेच काळे. त्याचे टाके दाखवायला आलेले.

"आतडं फुटलं होतं माझं, अर्डेला, आणि तू मला टाय बांधत बसलीस!"

"आदल्या दिवशी बनियनवर दवाखान्यात गेलात, तेव्हा काय झालं? डॉक्टर गॅस म्हणाले, गोळी देऊन घरी पाठवलं."

"पोट तर तेच होतं ना?"

"पोट तेच, पण माणूस दुसरा दिसला. मी चर्चची पिसाची टोपी घातली, पांढरे हातमोजे चढवले आणि त्या डॉक्टरला म्हटलं, हे आमच्या चर्चचे पदाधिकारी, डीकन क्लिओफस टॉलिव्हर. यांचा स्कॅन होईपर्यंत मी इथून हलत नाही."

"तुझ्या पिसाने त्याला शिंका आल्या."

"येईनात का! संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं तुमचं."

"गोऱ्या बाईला डॉक्टरपुढे टोपी लागत नाही, अर्डेला."

"तिला नाही लागत. मला लागते, आणि मला शोभतेही. माझ्या आईने वडिलांना सुटातच दवाखान्यात नेलं होतं. नव्वदीपर्यंत जगले ते."

"सगळं घराणंच हट्टी तुमचं!"

"त्याच हट्टावर श्वास चाललाय तुमचा. उठा, नाव पुकारलं. आणि कॉलर सरळ करा."

तो पोट धरून हसला, उठला आणि त्याने कॉलर सरळ केली.

व्हर्लीनचा भाऊ मार्चमध्ये पोटदुखीनेच गेला. दवाखान्यात तो गॅरेजमधल्या कामावरून तसाच, ओशट कपड्यांत गेला होता.