गोठ्यातली मुलाखत

(नांदे गाव. पडवीत सून कमळ, तिच्यापुढं आवाज धरून ठेवायचं यंत्र. अंगणापलीकडं गोठ्यात सासरा कुशाबा. दोघांच्या मधी ये-जा करणारी सासू साळूबाई.)

साळूबाई : न्हाई म्हनत्यात.

कमळ : आत्याबाई, तुम्ही पुरतं सांगितलं का पण? कोंडाजीकाकांनी काल दाढ काढली, गाल हा एवढा सुजलाय, तोंडातनं शब्द फुटंना त्यांच्या. आता ऐन वेळेला भाताच्या राबावर बोलणारा दुसरा शेतकरी मी कुठनं आणू? मास्तर जीप घेऊन भूगावला गेलेत, आमच्या वर्गातल्या रंभाबाईनं घेतलेली मुलाखत आणायला. माघारी येताना माझी फीत नेणार. मुलाखत झाली न्हाई तर मी नापास.

साळूबाई : व्हय तर! पौडच्या लोकविद्यालयात शिवनकाम शिकाया जाते म्हनलीस, आन निघालं काय, तर रेडिओ.

कमळ : शिवणाच्या वर्गात जागा उरली नव्हती, म्हणून तिकडं बसवलं मला. पण आता गोडी लागलीय. काय करू?

साळूबाई : माझं चांगलं सूप नेलंस. कशाला, तर म्हनं तांदूळ हलवून पाऊस पाडाया.

कमळ : हुबेहूब पडला होता पाऊस! मास्तर खिडकीतनं बाहेर बघायला लागले. आत्याबाई, पुण्याच्या रेडिओ केंद्रावरचं पुढचं शिकायला मामंजी न्हाई म्हणालेत, ते हायेच. पण आज पास झाले तर पुन्हा एकदा विचारीन म्हणते. जा ना परत. म्हणावं, राबाचं तुमच्याएवढं ह्या खोऱ्यात कुणाला कळत न्हाई. कोंडाजीकाकांकडं आधी गेले, ते तुम्हाला विचारायची लाज वाटली म्हणून. पाया पडते तुमच्या.

साळूबाई : पाया नगं पडू, जाते. काय सूनबाई हाय का मास्तरीन! ... अवो, ऐकताय न्हवं? सून म्हनती, कोंडाजीची दाढ दुखती, म्हून तुमी चला.

कुशाबा : कोंडाजीची दाढ दुखती म्हून मी? दाढ बरी आसती तर मी नगं व्हतो?

साळूबाई : मला काय ठावं! मी आपली निरोप आननारी.

कुशाबा : आन त्या यंत्रात बोलायचं तरी कसं? उबं ऱ्हाऊन का बसून? तिला म्हन, मला येत न्हाई. शिकव म्हनावं. शिकवलंस तर बोलीन.

साळूबाई : बरं. ... कमळे, न्हाई जमायचं म्हनत्यात. यंत्राबिंत्रात बोलनं आपलं काम न्हवं, म्हनले.

कमळ : रागावले का?

साळूबाई : रागावले न्हाईत. बैलाला जरा जोरात थापटलं, येवढंच.

कमळ : मग मीच जाते गोठ्याकडं.

साळूबाई : आता गं बया! जाऊन करनार काय? सासऱ्याम्होरं तोंड उघडनार? लगीन होऊन आलीस तवापासनं तू मामंजींशी सबूद बोलली न्हाईस. आपल्यात ती रीतच न्हाई. मी माझ्या सासऱ्याशी जल्मात बोलले न्हाई. त्यो गेला तवा काय ती मोठ्यानं रडले. माझा आवाज कसा हाय त्ये त्याला कळलंच न्हाई.

कमळ : मी मामंजींशी कुठं बोलतेय? मी ह्या डबीशी बोलणार. माईक म्हणतात हिला. वायर लांब हाय, गोठ्याच्या दारापर्यंत पोचतीय. मी भिंतीच्या अल्याड, मामंजी पल्याड, आणि डबी मधी उंबऱ्यावर. वर्गात हेच शिकवलंय, डबीकडं बघून बोलायचं.

साळूबाई : मास्तरानं शिकवलंय व्हय! मास्तराला सून आली म्हंजी कळंल. आगं, वायरीत पाय आडकंल माझा! थांब!

कुशाबा : कोन हाय दारात?

साळूबाई : कोन न्हाई. डबी हाय.

कमळ : आत्याबाई, मामंजींना म्हणावं... न्हाई, तुम्ही दमलाय, बसा. अगं डबे, मामंजींना सांग, मला त्यांच्याकडनं राब शिकायचाय.

कुशाबा : आं? ... बरं. डबे, तिला सांग, मला तुझ्यात बोलाया येत न्हाई. मगाशीच निरोप धाडला व्हता, शिकव म्हून.

कमळ : शिकव म्हणून? मला तर... बरं, ते ऱ्हाऊ दे. सोपं हाय. लई माणसं ऐकत्यात असं मनात आणायचं न्हाई. एकच माणूस शेजारी बसलाय, आपल्या ओळखीचा, त्याला सांगतोय असं बोलायचं. बटण दाबते हां. ... नमस्कार. आज आपल्याबरोबर आहेत नांदे गावचे अनुभवी शेतकरी श्री. कुशाबा—

साळूबाई : आगं आगं आगं! सासऱ्याचं नाव घेतलंस?

कमळ : आत्याबाई, यंत्र चालू हाय!

साळूबाई : मंग त्या यंत्रालाबी कळू दे!

कमळ : ... तर पाहुणे, राब भाजायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते आमच्या श्रोत्यांना सांगाल का?

कुशाबा : राऽऽम राऽऽम मंडळीऽऽ! राब म्हंजीऽऽ—

कमळ : हळू, हळू! डोंगरावरच्या गुराख्याला हाळी न्हाई द्यायची. यंत्राचा काटा पार टोकाला गेला.

कुशाबा : मंग मान्सं ऐकनार कशी? पुनं काय हितं हाय?

कमळ : कानात बोललात तरी पोचतंय. खरंच.

कुशाबा : आसं? ... राब म्हंजी बगा, भाताचं रोप टाकायचं त्यो वाफा. त्याच्यावर शेन, काटक्याकुटक्या, पालापाचोळा आंथरायचा आन वरनं माती भुरभुरायची. पाऊस लागायच्या आदी पेटवायचा. पर पेटवायचा वाऱ्याच्या उलट अंगानं. वाऱ्यासंगं पेटवला की भडकतो, वरच्या वर जळतो, आन राख जाती शेजाऱ्याच्या वाफ्यात. त्यो आपला बसल्या जागी खूश! उलट अंगानं लावला की दमानं सरकतो, खालची माती भाजती, तनाचं बी मरून जातं.

कमळ : हे तुम्हाला कुणी शिकवलं?

कुशाबा : बानं. त्यो लई बोलत नसायचा. हात धरून वाऱ्यात उबा करायचा, बास. मलाबी त्येच वळान पडलंय. ... औंदा मातूर एक हात कमी पडनार. राखंवर बी फेकाया सूनच लागायची मला, तिच्या हातनं सारकं पडतं. पर ती आसनार पुन्याला.

कमळ : मी? पुण्याला? कोण म्हणलं, मामंजी?

कुशाबा : म्या म्हनलं. संक्रांतीलाच सांगितलं की, जाऊ द्या पोरीला. नवं राज्य झालं, पोरी शिकत्यात, हिनंच काय घोडं मारलंय?

कमळ : मला तर आत्याबाईंनी सांगितलं, साफ न्हाई म्हणाले, पुन्यांदा विषय काढू नगंस. मी उशीत तोंड घालून रडले. तुमचा लेक खडकीवरनं सुट्टीला आला, त्यांनाबी सांगून टाकलं की मी नाद सोडला. ते म्हणले, आबा असं कसं म्हणले?

कुशाबा : जयसिंगाच्या आये.

साळूबाई : चुलीवर च्या उतू चाललाय. आले मी.

कुशाबा : चूल इजलीया. बस हितं.

कमळ : थांबा मामंजी. माझ्या हातचं कालवण तुम्हाला आळणी लागतं, हे खरं का?

कुशाबा : आळनी? म्या म्हनलं, पोरीच्या हाताला लई चव हाय.

साळूबाई : म्हनले! ह्या मान्सानं माझ्या हातचं कवा चांगलं म्हटलं न्हाई. आन तुझं कौतुक मीच घिऊन यिऊ? म्हून मग आळनी लागतं म्हनून सांगितलं.

कमळ : तुम्हीच सांगितलंत म्हणून मी मीठ वाढवत गेले!

कुशाबा : तरीच तान लागती मला. आन मंग, सुनंला तंबाकूचा वास बाधतो, त्ये?

कमळ : कुणाला? मला? आमचे वडील दिवसभर तळहातावर तंबाखू मळत बसायचे. मला तो वास आला की माहेर आठवतं.

कुशाबा : दोन पावसाळं! दोन पावसाळं मी हितं गोठ्यात बसून तंबाकू खातुया. आता ह्यो बैलबी शिकायला लागलाय!

साळूबाई : मला बाधतो वास. मी सांगून कोन ऐकतंय? सुनंचं म्हटलं की लगीच उटून गेलात.

कमळ : आत्याबाई, आम्हाला वर्गात हेच शिकवत्यात. फीत ब्लेडनं कापायची, नको ते काढून टाकायचं, हवं ते जोडायचं, आणि ऐकणाऱ्याला जोड कळू द्यायचा न्हाई.

साळूबाई : ह्येवढंच व्हय? मंग पुन्याला कशाला जातीस? घरी ऱ्हा, मी फुकट शिकवते.

कुशाबा : हसू नगंस गं पोरी, तिला जोर येतो. ... तंबाकूचं समजलं, मिठाचं समजलं. पुन्याचं का कापलंस?

साळूबाई : का म्हंजी? ती गेली की ह्या घरात ऱ्हातं कोन? तुमी! तुमी दिसाला चार सबूद बोलता, त्यातलं तीन बैलाशी. सकाळी तिचा निरोप तुमाला, दुपारी तुमचा निरोप तिला, येवड्यावर माझा दीस जातो. मी तिचं डोकं इंचरते, ती मला वर्गातलं सांगती, मला निम्मं कळत न्हाई तरी ग्वाड लागतं. लेक खडकीला, लेकी नांदाया गेल्या. आता हीबी चालली. मी काय चुलीम्होरं बसून भिताडाशी बोलू? लई भ्या वाटतं मला त्येचं. म्हून कापलं. हां, कापलं!

कमळ : आत्याबाई... या, अशा हितं बसा. डबी तुमच्याकडं फिरवलीय.

साळूबाई : माझ्याकडं? कशापायी? यंत्र आजून चालूच हाय? आगं, समद्यांनी ऐकलं का ह्ये?

कमळ : अजून कुणी न्हाई ऐकलं. राबाचं पुरतं आलंय फितीवर, मुलाखत झाली माझी. ... नमस्कार. आता आपल्याबरोबर आहेत साळूबाई. साळूबाई, आपलं काय म्हणणं आहे?

साळूबाई : म्हननं? कुनाचं सांगू?

कमळ : कुणाचं न्हाई. तुमचं.

साळूबाई : माझं? ... थांब गं, सुचंना. ह्यांचं तुला, तुझं ह्यांना. त्येच्या आदी सासूचं ह्यांना आन ह्यांचं सासूला. माझं कवा कुनी मागितलंच न्हाई.

कमळ : मग आज मागतेय. सावकाश सांगा.

साळूबाई : आमची सून लई गुनाची हाय म्हनावं. आदी मला आवडली न्हवती, काळी वाटली व्हती. आता तिच्याबिगर करमत न्हाई. तिनं पुन्याला जावं. मी आडवी येनार न्हाई. झालं. ... ह्ये कापू नगंस बरं का.

कमळ : न्हाई कापत. ते काळीचं तेवढं कापते.

साळूबाई : रडतीस कशाला मग हसता हसता? आन मला सांग, शिकून झाल्यावर तू रेडिओत बोलनार?

कमळ : मास्तर म्हणतात, बायकांच्या कार्यक्रमात संधी मिळंल. चावडीवर पंचायतीचा रेडिओ हाय न्हवं? तिथं जाऊन बसा, माझा आवाज ऐकू येईल.

कुशाबा : चावडीत बाया कुटं बसत्यात?

साळूबाई : मी बसनार! माझी सून बोलती आन मी घरात ऱ्हाऊ? तुमी मला जागा धरून ठिवा.

कुशाबा : बरं. धरतो.

कमळ : जीप आली वाटतं मास्तरांची. वायर गुंडाळायला घेते.

साळूबाई : दम धर जरा. मी चावडीवरनं तुला काय म्हनलं, तर तितं पुन्यात ऐकाया येतंय तुला?

कमळ : न्हाई आत्याबाई. रेडिओ तिकडनं इकडंच बोलतो. हिकडचं तिकडं जात न्हाई.

साळूबाई : मंग माझ्या मनातलं मी कुनाला सांगायचं?

कुशाबा : मला सांग.