तिसऱ्या मजल्यावरचा पलंग

सुल्ताना : आधी सांग, प्रोस्पेरचं नाव कुणी दिलं? स्देरोतमध्ये एवढे म्हातारे अंथरूण धरून आहेत. त्या शुश्रूषागृहाला नेमका माझाच नवरा कसा सापडला?

अल्माझ : मावशी, जरा बसा ना.

सुल्ताना : नाही बसत. बचाव पथकाचं जाकीट घातलंस म्हणून मोठी झालीस का? खाली तळमजल्यावर राहतेस, तुझी पोरं माझ्या हातचं खाऊन वाढली. खरं बोल.

प्रोस्पेर : तिला कशाला झाडतेस? नाव मी दिलं.

सुल्ताना : तू?

प्रोस्पेर : मी. तू पाव आणायला गेली होतीस, तेव्हा हिला फोन करून वर बोलावलं.

सुल्ताना : वा! सगळा जन्म उशाशी काढला, आणि हे माझ्या पाठीमागे?

प्रोस्पेर : तोंडावर बोललो असतो तर ऐकलं असतंस?

अल्माझ : मावशी, उद्या सकाळी तुम्हा दोघांना गाव सोडून निघायचंय. काकांना रुग्णवाहिका बेर शेवाच्या शुश्रूषागृहात नेईल. तिथे उचलायला, आंघोळ घालायला माणसं आहेत. तुम्हाला बसने लांब एलातला, हॉटेलात. सीमेपलीकडून येणारी रॉकेटं थांबली की दोघंही परत या.

सुल्ताना : आणि नाही थांबली तर? मला का नाही नेत बेर शेवाला?

अल्माझ : तिथे फक्त आजाऱ्यांना ठेवतात. आणि हॉटेलात काकांचं करणारं कुणी नाही.

सुल्ताना : मी मेले की काय?

प्रोस्पेर : त्याचीच तर भीती आहे. अल्माझ, ही काय करते माहितेय? भोंग्यावर ‘लाल रंग’ असा रॉकेटचा इशारा झाला की जिन्यात पळायचं सोडून माझ्या अंगावर पालथी पडते. मी रॉकेटने नाही जाणार, हिच्या वजनाने जाईन.

सुल्ताना : जा मग!

अल्माझ : खरंच असं करता, मावशी? अहो, ही बाहेरची भिंत आहे. लोखंडाचा एक तुकडा आला तर दोघांच्याही आरपार जाईल. जिना इमारतीच्या पोटात आहे, म्हणून तर जिन्यात या म्हणते.

सुल्ताना : आणि ह्याला खिशात घालून आणू? कमरेखाली त्याला काही हलवता येत नाही. त्या भोंग्यापासून धडाक्यापर्यंत धडधाकट माणसाला चप्पल सापडत नाही.

भोंगा : लाल रंग. लाल रंग.

प्रोस्पेर : जा! दोघी जा!

अल्माझ : मावशी, उठा त्यांच्यावरून! चादर धरा. ते टोक नाही, डोक्याकडचं!

सुल्ताना : काय करतेस तू?

अल्माझ : खाली घ्यायचं आणि ओढायचं. घ्या!

प्रोस्पेर : आई गं! कंबर!

अल्माझ : ओरडा काका, खुशाल ओरडा. दाराकडे, मावशी! उंबऱ्यावर डोकं सांभाळा.

सुल्ताना : चादर सुटतेय माझ्या हातून...

अल्माझ : मनगटाला गुंडाळा! आलो, आलो जिन्यात. खाली पडा. डोकं झाका!

सुल्ताना : ...प्रोस्पेर?

प्रोस्पेर : आहे.

सुल्ताना : अल्माझ?

अल्माझ : हं. जवळच पडलं. उठू नका अजून, पाठोपाठ दुसरं येतं.

सुल्ताना : आतली खिडकी गेली. अगं, पलंग बघ! उशी बघ त्याची, नुसती काच!

अल्माझ : नका बघू तिकडे. हॅलो? हॅलो? शाळेचा फोनच लागत नाहीये.

प्रोस्पेर : पोरं शाळेत आहेत तुझी?

अल्माझ : दोघंही. आवाज मागच्या इमारतीकडून आला, शाळेकडून नाही. नसेलच. मला तिकडे जायला हवं. तुम्ही इथून हलू नका.

(बऱ्याच वेळाने, त्याच जिन्यात.)

सुल्ताना : आलीस? पोरं?

अल्माझ : पोरं बरी आहेत. बाईंचा फोन आला.

सुल्ताना : मग हे रक्त कुणाचं?

अल्माझ : झोहराबाईंचं. मागच्या इमारतीतल्या.

सुल्ताना : आमच्या झोहराचं? कुठे लागलंय? कुठल्या इस्पितळात नेलं?

अल्माझ : मावशी...

सुल्ताना : अगं, सकाळी बोलले मी तिच्याशी! शनिवारच्या जेवणासाठी गहू भिजवायचे म्हणत होती.

अल्माझ : जिन्यात आल्या होत्या. शेजारी म्हणतात, गॅस बंद करायला परत आत गेल्या.

प्रोस्पेर : देवा.

सुल्ताना : तू होतीस तिच्याजवळ?

अल्माझ : होते. हात धरून बसले. तशाच गेल्या.

प्रोस्पेर : अल्माझ, एक विचारतो. आम्ही इथेच राहिलो आणि पुन्हा भोंगा झाला, तर तू काय करशील?

अल्माझ : वर येईन.

प्रोस्पेर : पोरं घरी असली तर?

अल्माझ : त्यांना जिन्यात बसवून येईन.

सुल्ताना : येऊ नकोस! कुणी बोलावलंय तुला?

अल्माझ : कुणी नाही. पण सगळे जिन्यात असतील आणि तुम्ही दोघं नसाल, तर मला खाली बसवेल का? तुम्हाला बसवलं असतं?

प्रोस्पेर : ऐकलंस?

सुल्ताना : ऐकलं. बहिरी नाही मी.

प्रोस्पेर : मग?

सुल्ताना : रात्री ह्याला तहान लागते. हाक नाही मारत, नुसता खाकरतो. तिथल्या बायकांना कळायचं नाही.

अल्माझ : मी सांगते त्यांना.

सुल्ताना : तू नको. मी फोनवर सांगेन. आणि भात गिचका नको म्हणावं. टाकून देतो, आणि वर पोट भरलं म्हणतो.

प्रोस्पेर : सुल्ताना, रडू नकोस.

सुल्ताना : झोहरासाठी रडतेय. तुझ्यासाठी कोण रडतंय?

प्रोस्पेर : बरं.

सुल्ताना : माती कधी आहे तिची?

अल्माझ : आज संध्याकाळी.

सुल्ताना : तू ह्याच्याजवळ बसशील तेवढा वेळ?

अल्माझ : बसेन. इथेच, जिन्यात.

सुल्ताना : आणि उद्या आधी काय निघतं?

अल्माझ : बस. रुग्णवाहिका मागून येईल.

सुल्ताना : बसवाल्याला थोडं थांबायला सांग. ह्याला गाडीत नीट झोपवते, मग बसते.