समोरचे दोन दात

तुम्हाला सांगतो, मशीन निळं होतं की हिरवं, हे आता मला नक्की आठवत नाही, वार गुरुवार होता की शुक्रवार तेही नाही, पण दगड गोड लागला होता एवढं पक्कं आठवतं... म्हणजे, लागला होता ना? माझंच चुकत असेल म्हणा!

आता तुम्ही विचाराल, दगड खाल्लात कशाला? अहो, तीस वर्षं बारामतीत रसायनशास्त्र शिकवलं, बारीक भुकटीवर पीएच.डी. केली, आणि भुकटी किती बारीक हे ओळखायची माझी साधी रीत म्हणजे चिमूटभर समोरच्या दोन दातांत धरायची. कचकच आली की जाडी! लोक हसायचे, पण विश्वास ठेवायचे.

तर माझा जुना विद्यार्थी सुयोग. त्यानं पणदऱ्याच्या रस्त्याला शेड टाकली आणि आला पाया पडायला. "सर, नवं तंत्र! हातोडा नाही, जातं नाही. नुसता हवेचा झोत सोडायचा, पांढऱ्या दगडाचे खडे एकमेकांवर आपटतात आणि एकमेकांचं पीठ करतात!" ते पांढरं पीठ पाण्यात कालवून डाळिंबावर फवारायचं, म्हणजे फळ उन्हानं करपत नाही. बागायतदार जमवले, मशीन असं किंचाळलं की मी श्रवणयंत्र काढून खिशात टाकलं, आणि आतून सुयोगची आई ठमाबाई झाकलेली ताटली घेऊन आल्या. सुयोग सगळ्यांना ओरडून सांगतोय, "सरांचा दात म्हणेल ते खरं!"

मी ताटलीतली चिमूट दातांत धरली. कचकच नाही. अहो, कचकच सोडा, भुकटीच नाही! विरघळली! आणि गोड! दगड विरघळतो का? गोड असतो का? पहिलीतलं पोर सांगेल! आणि मी, पीएच.डी., मनात काय म्हणालो? जीभ गेली आपली, शुगर वाढली असणार... माझंच चुकत असेल म्हणा! आणि मोठ्यानं म्हणालो, "अप्रतिम!"

पंधरा दिवसांनी त्या बागायतदारांतला वरकुट्याचा बिरू दारात. हातात चोंदलेला नोझल, पिशवीत करपलेली डाळिंबं. "सर, पंप तुंबला, समदी बाग भाजली. तुमच्या दातावर इस्वास ठिवला आमी! दात हायती का दाताळं?"

सुयोगला फोन केला, तर म्हणतो, "सर, पास तर तुम्हीच केलं होतं!" ज्याला मी ग्रेस मार्क देऊन पास केलं, तो!

मग काय, संशय कुणावर घेणार? दातांवर! डॉक्टर म्हणतोय, "सर, ठणठणीत आहेत." मी म्हटलं, काढा, दगाबाज आहेत! काढले. चहातली साखरही सोडली. माझंच चुकत असेल म्हणा!

चार वर्षं गेली. परवा एका लग्नात ठमाबाई शेजारी येऊन बसल्या, पदर तोंडाला लावून म्हणतात, "सर, लई दिस मनात हाय. त्या दिशी मशीनीतनं समदं जाडंभरडं पडाय लागलं, पोरगं रडकुंडीला आलं. मग म्याच डब्यातली पिठीसाखर ताटलीत वतली."

म्हणजे जीभ खरं बोलत होती! दातही खरं बोलत होते! चुकलं नव्हतं माझं! जेवण सोडून तडक वरकुट्याला गेलो, बिरूला सगळं सांगितलं. तो म्हणाला,

"आसंल सर. पर आता साक्षीला तुमचं दात कुठं हायती?"